वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ग्रंथालयातून इसाक दिनेसन यांचे पुस्तक आणले, परंतु मलपृष्ठावर छायाचित्र बाईंचे आहे. हे कसे? (एक वाचक, दादर, मुंबई)

उत्तर : डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन (१८८५–१९६२) यांचे हे टोपणनाव असून त्यातील दिनेसन हे त्यांचे माहेरचे आडनाव होय. केनियात नगाँग टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांनी चालवलेला कॉफीचा मळा बुडाल्यावर १९३१ साली त्या मायदेशी परतल्या आणि १९३४ साली त्यांचा इंग्रजी कथासंग्रह याच नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो डॅनिशमध्येही त्यांनी स्वतःच आणला. जर्मन अंमलाखालील डेन्मार्कमध्ये १९४४ साली ‘पिएर आंद्रेझेल’ या नावाने त्यांची कादंबरी निघाली. आपण त्यांच्या केनियातील आठवणी अवश्य वाचाव्यात, कारण मळ्यावरच्या माणसांविषयीची त्यांची आत्मीयता आणि तितकीच त्यांची मालकिणीची नजर तेथे स्पष्ट दिसते.