शाफ्ट लांब पडतोय, दाबून बसवू का?

प्रश्न : देवगडजवळ आमची कलमांची बाग आहे. आंब्याच्या पेट्या बाहेर काढायला जुनी फोर बाय फोर जीप वापरतो. ट्रान्सफर केसचे (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचे) गिअर गेले म्हणून भंगारातून दुसऱ्या मॉडेलची केस आणून बसवली. आता मागचा प्रोपेलर शाफ्ट (केसमधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) इंचभर लांब पडतो. मिस्त्री म्हणतो, स्लीप जॉइंट (शाफ्टमधला आत-बाहेर सरकणारा सांधा) पूर्ण दाबला की बसेल. बसवू का?
– एक बागायतदार

उत्तर : बसेल हो, मिस्त्री खोटं बोलत नाही. पण पेट्या भरलेली गाडी पाणंदीतल्या जांभ्यावर आपटली की पाटे दबतात, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग जागचं हलतं आणि शाफ्टला आखडायला वाव लागतो. तो नसेल तर दणका थेट केसच्या बेअरिंगवर. कोकणात राहून पाणंद चुकवणार कशी?

त्याआधी गाडीखाली शिरून एक बघा. विलिस या जुन्या अमेरिकी जीपच्या वळणाच्या, डाना १८ नावाची ट्रान्सफर केस असलेल्या जीपला मागच्या शाफ्टचं तोंड मध्यावर नसतं, एका अंगाला असतं. मागचा गोळाही (डिफरेन्शियल) त्याच अंगाला. आणलेल्या केसचं तोंड मध्यावर असेल तर शाफ्ट तिरका जाणार, आणि ते दुखणं लांबी कमी करून जात नाही. हाउसिंग बदलायला निघालात तर पुढच्या-मागच्या गोळ्यांचं गुणोत्तर एकच लागतं. एवढ्या उपद्व्यापापेक्षा जुन्या केसचे गिअर शोधा, असं मी सांगेन.

तोंडं जुळत असतील तर केस पक्की आवळा आणि गाडी चाकांवर उभी करून फ्लँज ते फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायच्या तबकड्या) माप घ्या. जॅकवर हाउसिंग लोंबकळतं, ते माप फसवं. स्लीप जॉइंट साधारण मधोमध राहील असा शाफ्ट कापून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम होतं. तुमचेच योक (शाफ्टच्या टोकांचे दुशाखी तुकडे) ठेवून नळी कापतात, पण बॅलन्सिंग करूनच ताब्यात घ्या. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्लीप जॉइंट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर सेंटर पंचने ठिपका मारा, नाहीतर जोडताना दात चुकतो आणि गाडी थरथरते.

योकांमधले क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे सांधे) नवे घाला. खाऱ्या हवेत जुन्यांचा भरवसा नाही. क्रॉसच्या टोकांवरचे बेअरिंगचे कप दाबताना सर्क्लिप (कप अडकवणारी कडी) खाचेत बसेना, तर हातोडा उचलू नका. आत बेअरिंगची एखादी सुई आडवी पडलेली असते. कप काढा, ग्रीसने सुया कडेला चिकटवा, पुन्हा दाबा. नंतर चारही कपांतून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा.

आणि शाफ्ट सोडण्याआधी चाकांना चिरे लावा. बऱ्याच जुन्या जीपना हँडब्रेकचा ड्रम केसच्या मागच्या तोंडावरच असतो. शाफ्ट निघाला की हँडब्रेक चाकांना धरत नाही, मागच्या चाकांना गिअरही नाही. आपल्याकडची अंगणं किती सपाट असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.