आयपीएलचा संघ तळाला गेला तरी मालक तोट्यात का जात नाही?

तालुक्यात टेनिस बॉल क्रिकेटची लीग चालवणाऱ्या एका आयोजकांनी मला दोन प्रश्न विचारलेत, त्यांना हे उत्तर. मुंबई इंडियन्स 2022 आणि 2024 या दोन्ही वर्षी गुणतक्त्यात शेवटची आली, तरी मालकांच्या कपाळावर आठी दिसली नाही, ती का? आणि तुमच्या तालुक्यातली टेनिस बॉल लीग मात्र दरवर्षी पदरचे पैसे घालून का चालवावी लागते? मी जाहिरात एजन्सीत मीडिया बाइंग बघतो, म्हणजे कंपन्यांच्या वतीने टीव्ही-मोबाइलवर जाहिरातीची जागा विकत घेतो. त्यामुळे हा सगळा मामला मला पैसे देणाऱ्याच्या बाजूने दिसतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सीझनचा पहिला चेंडू पडायच्या आधीच बहुतेक पैसे ठरलेले असतात. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क बीसीसीआयने जून 2022 मध्ये 48,390 कोटींना विकले. त्यात टीव्हीचे 23,575 कोटी डिस्ने स्टारचे, भारतातल्या डिजिटलचे 20,500 कोटी रिलायन्सच्या वायाकॉम18चे, आणि उरलेले निवडक सामन्यांच्या व परदेशातल्या हक्कांचे. सरासरी काढली तर वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. यातला साधारण निम्मा पैसा दहा संघांत वाटला जातो, आणि तोही जवळपास सारखा. क्रमांकावर ठरणारा हिस्सा अगदीच छोटा असतो. ढोबळमानाने एका संघाला वर्षाला चारशे कोटींच्या वर मिळतात, मग तो पहिला येवो की दहावा. शिवाय टाटांनी टायटल स्पॉन्सर म्हणून 2024 ते 2028 साठी 2,500 कोटी कबूल केलेत, त्यातलाही वाटा असतोच.

आता खर्च बघा. 2025 च्या मोठ्या लिलावात संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त 120 कोटी खर्च करता येत होते. लखनौने ऋषभ पंतसाठी 27 कोटी मोजले तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण ते 27 सुद्धा त्या 120 मधलेच. प्रवास, हॉटेलं, प्रशिक्षक, मैदानाचं भाडं, वर उत्पन्नाच्या 20 टक्के बीसीसीआयची फी, हे सगळं जाऊनही हातात चांगली रक्कम राहते. विजेत्याचं बक्षीस 20 कोटी आहे. या आकड्यांपुढे ती चिल्लर झाली.

आता तिकिटांचं बघू. वानखेडेची क्षमता 33 हजारांच्या आसपास, घरचे सामने सात. असोसिएशन, क्लब, प्रायोजक यांचे पास वजा करून 25 हजार तिकिटं सरासरी तीन हजारांना विकली असं धरून चालू. सामन्याला साडेसात कोटी, सीझनला पन्नासेक. वाईट नाही, पण वरच्या चारशेपुढे दुय्यमच. (पास हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिल महिन्यात मला ज्यांचे फोन येतात, ते एरवी दिवाळीलाही आठवण काढत नाहीत.) भरलेल्या स्टेडियमचा खरा उपयोग टीव्हीवर होतो. रिकाम्या खुर्च्यांपुढे चाललेला सामना आमच्यासारख्यांना महागात विकता येत नाही.

मात्र हे गणित पहिल्यापासून असं नव्हतं, आणि ते बिघडल्यावर काय होतं हे पुणेकरांनी पाहिलंय. 2008 मध्ये संघांच्याच लिलावात मुंबईचा संघ रिलायन्सने 11.19 कोटी डॉलरला घेतला, तो तेव्हाचा सर्वांत महागडा संघ. राजस्थान सर्वांत स्वस्त, 6.7 कोटी डॉलर, आणि पहिलं विजेतेपद त्यांनीच पटकावलं. ही रक्कम दहा हप्त्यांत, दहा वर्षांत द्यायची होती. मग 2010 मध्ये सहाराने पुण्याच्या संघासाठी बोली लावली 37 कोटी डॉलरची. आता विचार करा. प्रक्षेपणाच्या पैशातून येणारा वाटा सगळ्यांना जवळपास सारखाच, पण मुंबईचा वार्षिक हप्ता सव्वा कोटी डॉलरच्या आत आणि पुण्याचा 3.7 कोटी. पुण्याकडून खेळलेला युवराज असो वा गांगुली, कुणी कितीही धावा केल्या असत्या तरी हा फरक भरून निघाला नसता. सहाराची तक्रार होती की आपण 94 सामने धरून बोली लावली आणि प्रत्यक्षात सामने कमी झाले. बीसीसीआयशी वाद विकोपाला गेला आणि 2013 नंतर पुणे वॉरियर्स संपली. गहुंज्याच्या मैदानावर जाऊन ओरडणाऱ्यांना वाटत होतं, संघ हरतोय म्हणून बुडाला. बुडाला तो बोलीच्या दिवशीच. पहिल्या दहा वर्षांनंतर ठरलेल्या हप्त्याच्या जागी उत्पन्नाच्या 20 टक्क्यांची फी आली आणि जुन्या संघांचं चित्र पालटलं. कमाई घटली की फीही घटते, त्यामुळे जोखीम वाटली जाते. 2021 मध्ये लखनौसाठी 7,090 कोटींची आणि गुजरातसाठी 5,625 कोटींची बोली लागली, त्या नव्या मालकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोक्यावर हप्ते आहेतच.

आता आमच्या गल्लीत या. आमच्या लेखी सामना म्हणजे जागांची यादी. प्रत्येक षटकानंतरची फट, विकेट पडल्यावरची फट, आणि स्ट्रॅटेजिक टाइमआउट, म्हणजे डावपेच ठरवायला दिलेला थांबा. 2009 मध्ये, आयपीएल दक्षिण आफ्रिकेत झाली तेव्हा, डावाच्या मध्यावर एकच साडेसात मिनिटांचा थांबा होता. खेळाडू वैतागले, लय तुटते म्हणाले. पुढच्या वर्षीपासून त्याचे डावात दोन, अडीच-अडीच मिनिटांचे तुकडे झाले. क्षेत्ररक्षण करणाऱ्याने सहाव्या ते नवव्या षटकादरम्यान घ्यायचा, फलंदाजी करणाऱ्याने तेराव्या ते सोळाव्यादरम्यान. डावपेच ठरवायला वेळ मिळतो हे खरंच, पण चार थांबे मिळून दहा मिनिटं होतात, आणि तीही सामना रंगात आलेला असताना, प्रेक्षक जागचा हलत नाही अशा वेळी. दहा सेकंदांचा दर लाखांत असेल तर दहा मिनिटांचं काय होतं ते तुम्हीच मांडा. वर त्या थांब्याच्या नावालाही प्रायोजक. 2010 च्या सुमाराला समालोचक षटकाराला ‘डीएलएफ मॅक्सिमम’ आणि झेलाला ‘कार्बन कमाल कॅच’ म्हणायचे, आठवत असेल. लोक हसले, पण नावं अजून लक्षात आहेत ना?

संघाच्या हातात उरते ती जर्सी. छातीवरची जागा सर्वांत महाग, कारण मुलाखतीत, फोटोत आणि बाद होऊन परतणाऱ्या फलंदाजाच्या क्लोजअपमध्ये तीच दिसते. मग पाठ, बाही, हेल्मेट, पँट. इथे क्रमांकाचा थोडा फरक पडतो, पण चेहऱ्यांचा जास्त. 2024 मध्ये रोहितच्या जागी हार्दिक कर्णधार झाला आणि वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडाली. खेळाच्या दृष्टीने तो सीझन वाईटच. पण लोक रागाने का होईना बघत होते, आणि आमच्या तक्त्यात राग आणि प्रेम असे वेगळे रकाने नसतात.

धोका कुठे आहे म्हणाल तर गिऱ्हाईक कमी होण्यात. डिस्ने आणि रिलायन्स यांचे प्रसारण व्यवसाय 2024 च्या अखेरीस एक झाले. 2022 ला एकमेकांविरुद्ध बोली लावणारे दोघे आता एकाच घरात नांदतात. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली, त्याच धंद्यातली ड्रीम11 कंपनी भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरली आणि जाहिरातींचा एक मोठा झरा आटला. 2028 पासूनचे हक्क कितीला जातात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता तुमची लीग. खेळाचा दर्जा, लोकांची गर्दी, हौस, कशातच तुम्ही कमी नाही. षटकाराची जाहिरात विकायची युक्ती तर आपल्याकडे जुनीच आहे. ‘या षटकारासाठी अमुक शेठकडून पाचशे रुपये’ हे लाउडस्पीकरवर सगळ्यांनीच ऐकलंय. अडचण अशी की ते पाचशे फलंदाजाच्या खिशात जातात आणि मंडप, लाइट, पंचांचं मानधन तुमच्या अंगावर येतं. मुख्य बक्षीस आमदारसाहेबांचं, त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी दुचाकी आणि पुढच्या वर्षी नुसता चषक.

मी तुमच्या जागी असतो तर आधी यूट्यूबचं बघितलं असतं. बहुतेक ठिकाणी लाइव्ह करणारा मुलगा स्वतःचं चॅनल घेऊन येतो, तुम्ही वर त्याला दिवसाचे पैसे देता, आणि प्रेक्षक, सबस्क्राइबर, जुने व्हिडिओ सगळं त्याच्याकडे राहतं. तुमच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याला देताय! चॅनल लीगच्या नावाने काढा, त्याला कॅमेऱ्याचं भाडं द्या. स्कोअरच्या पट्टीशेजारी एक लोगोची जागा ठेवा आणि ती एकालाच विका. सराफ घेतला तर दुसरा सराफ नाही, ट्रॅक्टरवाला घेतला तर दुसरा ट्रॅक्टरवाला नाही. मैदानाभोवती चाळीस फ्लेक्स लागले की कुणाचंच नाव दिसत नाही आणि पुढच्या वर्षी सगळेच अर्ध्या पैशांवर घासाघीस करतात.

संघमालकांकडूनही एका वर्षाची एंट्री फी घेण्याऐवजी तीन वर्षांचा करार करा आणि लोगोच्या पैशातला ठरावीक वाटा सर्व संघांना सारखा द्या. पहिल्याच फेरीत हरलेला मालक पुढच्या वर्षी परत येतो तो यामुळेच. आणि स्पर्धा संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक प्रायोजकाला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या लोगोचा स्क्रीनशॉट आणि किती लोकांनी बघितलं तो आकडा पाठवा, फुगवून नको, आहे तोच. आमच्याकडे कोट्यवधींच्या व्यवहारातही नूतनीकरणाच्या बैठकीत आधी तोच कागद मागतात.