लॅब्राडॉरला रेल्वेच्या डॉग बॉक्समध्ये ठेवून नेलं तर चालेल का? एकूण खर्च किती येतो?

नका ठेवू. मे महिना, रात्रभराहून लांबचा प्रवास आणि फर्स्ट एसी महाग पडतो म्हणून डॉग बॉक्स, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

डॉग बॉक्स म्हणजे ब्रेकव्हॅनमधला, म्हणजे गार्ड आणि सामान असतं त्या डब्यातला, जाळीच्या दाराचा खण. तिथे एसी नाही, आणि गाडी चालू असताना तुम्हाला तिथे जाता येत नाही. पाणी पाजायचं तर स्टेशन आल्यावर उतरायचं, फलाटावरून ब्रेकव्हॅनपर्यंत धावायचं, गार्डला (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) दार उघडायला सांगायचं आणि सिग्नल मिळायच्या आत आपल्या डब्यात परत यायचं. दोन मिनिटांच्या थांब्यात हे होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं, आणि त्याला खेळती हवा आणि पाणी लागतं. आवाजाचंही तेच. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४०,००० च्याही पुढे. चाकांचा, ब्रेकचा, डबे जोडणाऱ्या कपलिंगचा आवाज त्याच्या कानाला कसा लागत असेल याचा विचार करा.

आमच्या घरात याच गोष्टीवरून मोठा वाद झाला होता. नवऱ्याची विदर्भातून कोकणात बदली झाली. आमची राणी गावठी, पावसात भिजलेलं पिल्लू म्हणून घरी आणलेली. मोठे भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "गावठीच तर आहे, इथेच सोडा. तिकडे दुसरं मिळेल." मी ऐकत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग टाका पेटीत. कुत्र्यासाठी कोणी फर्स्ट एसी काढतं का?" महागातलं जातिवंत कुत्रं असतं तर त्यांनी हे म्हटलं नसतं, आणि मला ते शब्द आजही बोचतात. सोबत राहिलेल्या जिवाची किंमत जातीवरून ठरत नाही.

मी दोघांची फर्स्ट एसीची तिकिटं एकाच पीएनआरवर काढली आणि कूपे (दार लावता येणारी छोटी खोली) मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आपल्याच नावावर लागते. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगीच नाही. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं, आणि तोवरचे तास फार वाईट जातात. भाऊजी तेव्हाही सांगत होते की अजून वेळ आहे, पेटीचं बघा.

कूपे मिळाला. पार्सल ऑफिसात बुकिंग करताना तिथल्या माणसाला मी डॉग बॉक्स दाखवायला सांगितलं, भाऊजींना दाखवायचं होतं म्हणूनच. यार्डातून फलाटाला लागलेल्या गाडीचा ब्रेकव्हॅन त्याने उघडला. दिवसभर उन्हात उभा असल्याने पत्रा तापलेला होता. राणी दारापाशीच चारी पाय रोवून बसली, साखळी ओढली तरी हलेना. भाऊजी काही बोलले नाहीत.

कूपेत पहिला तासभर ती थरथरत होती. मी खालीच तिच्याजवळ बसले. गाडीने वेग धरला तशी ती बर्थखाली शिरली आणि माझ्या पायावर तोंड ठेवून झोपली. टीटीईंनी बुकिंगची पावती आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिलं, बस. खरी अडचण लघवीची. मातीची सवय असलेलं कुत्रं सिमेंटच्या फलाटावर पाय उचलत नाही. मोठ्या थांब्यावर नवरा तिला फलाटाच्या टोकाला, गवत असतं तिथवर न्यायचा. तुम्ही आत्तापासून तुमच्या कुत्र्याला जुन्या वर्तमानपत्रावर लघवी करायची सवय लावा, बाकी कशाहूनही याचा उपयोग होईल. निघायच्या चार-पाच तास आधी खायला देणं थांबवा, पाणी मात्र देत राहा. आणि स्वतःच्या मनाने झोपेचं औषध देऊ नका. काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, आणि उकाड्यात ते जिवावरही बेतू शकतं.

सर्टिफिकेट प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीचंच हवं, लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. खर्चाचं म्हणाल तर कुत्र्याचं भाडं तुम्हाला वाटतं तेवढं नाही. कूपेत ६० किलो सामान आणि बॉक्समध्ये ३० किलो सामान धरून आकारणी होते. अंतर कळवलं नाहीत, त्यामुळे आकडा पार्सल ऑफिसातच विचारा. जड जातं ते दोघांचं फर्स्ट एसीचं तिकीट. न सांगता कुत्रं डब्यात नेलं आणि सापडलं तर सामानाच्या दराच्या सहापट दंड पडतो, शिवाय शेजारच्याला खरोखर भीती वाटत असेल तर त्याची काय चूक?

आता एक राहिलंच. कित्येक गाड्यांना फर्स्ट एसी नसतोच, आणि असला तरी कूपे मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर भाड्याची गाडी करा, पहाटे निघा, वाटेत थांबत जा. किंवा ओळखीच्या घरी ठेवून पाऊस पडल्यावर न्यायला या. हिवाळ्यात, चार-पाच तासांचा प्रवास आणि धट्टंकट्टं कुत्रं असेल तर डॉग बॉक्समध्ये निभावतं, हे मी मान्य करते. पण पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री असतील तर तेव्हाही नको.

घरातलं कोणी "कुत्र्यावर एवढा खर्च?" म्हणालं तर त्यांना मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीच्या ब्रेकव्हॅनपाशी घेऊन जा आणि पत्र्याला हात लावायला सांगा. आमचे भाऊजी त्या दिवसानंतर या विषयावर माझ्याशी एकदाही बोललेले नाहीत. आणि कूपेचा अर्ज उद्याच द्या, पोच घ्यायला विसरू नका.