वायू अवस्थेतल्या अभिक्रियांची गतिकी अभ्यासणारे गट नेमकं करतात काय?

तुमचा प्रश्न असा आहे: एम.एस्सी.नंतर युरोपातल्या एका विद्यापीठात ‘गॅस फेज रिअॅक्शन डायनॅमिक्स’च्या गटात पीएचडीची जागा मिळतेय, पण खरं रसायनशास्त्र तर द्रावणात घडतं, मग निर्वातात रेणूवर रेणू आदळून हाती काय लागतं, आणि हे लोक दिवसभर करतात काय? मी अशाच एका गटात पीएचडी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारावीतली एसएन-टू अभिक्रिया आठवा. मेथिल आयोडाइडच्या रेणूवर (एक कार्बन, त्याला तीन हायड्रोजन आणि एक आयोडीन) क्लोराइड मागून येतो, आयोडाइड पुढून निघून जातो आणि मधल्या कार्बनवरचे तीन हायड्रोजन वाऱ्यात छत्री उलटावी तसे उलटतात. हे चित्र आपण सगळ्यांनी फळ्यावरून वहीत उतरवलं. त्याला बाटलीतले पुरावे भक्कम आहेत: अभिक्रियेचा वेग कशावर अवलंबून आहे हे मोजलेलं आहे, रेणूची रचना उलटते हेही दिसतं. पण हे सगळे पुरावे सुरुवातीचे आणि शेवटाचे. ऐन टकरीत अणू कुठून कुठे गेले, हे त्यातून तर्कानेच काढावं लागतं.

बाटलीत ते दिसणारही नाही. साध्या हवेतसुद्धा एक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा दुसऱ्यांवर आपटतो. नवा रेणू तयार झाला की तो कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती थरथरत निघाला याची खूण पुढच्या काही टकरींत पुसली जाते. म्हणून निर्वात. दाब वातावरणाच्या एक अब्जांशाहून खाली नेला की रेणू कुणालाही न धडकता साठ-सत्तर मीटर किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो, आणि चेंबर तर जेमतेम मीटरभराचा. तिथे दोन शलाका (एकाच दिशेने धावणाऱ्या रेणूंचे किंवा आयनांचे बारीक झोत) एकमेकींना छेदल्या की प्रत्येक रेणूला फार तर एक टक्कर मिळते, आणि त्या टकरीची खूण डिटेक्टरपर्यंत शाबूत पोहोचते.

आता ही एसएन-टू. रोलांड वेस्टर यांच्या गटाने (तेव्हा जर्मनीत फ्रायबुर्गला, आता ऑस्ट्रियात इन्सब्रुकला) क्लोराइड आयन सापळ्यात धरून थंड केले, ठरवलेल्या ऊर्जेने सोडले आणि मेथिल आयोडाइडच्या शलाकेवर आदळले. सुटलेल्या प्रत्येक आयोडाइडला विद्युतक्षेत्राने डिटेक्टरकडे ढकललं. तो कुठे आणि कधी आपटला यावरून त्याचा वेग आणि दिशा दोन्ही निघतात. टक्कर सौम्य असताना आयोडाइड सगळीकडे सारखेच विखुरलेले दिसले: दोघे काही काळ एकमेकांना चिकटून फिरतात आणि आपण कुठून आलो ते विसरतात. ऊर्जा वाढवली तसे बहुतेक आयोडाइड क्लोराइड ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने पुढे निघाले. ही पुस्तकातली वाट.

पण त्याच चित्रात काही आयोडाइड फारच संथ होते. पुस्तकातल्या वाटेने त्यांचा हिशेब लागेना. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात विल्यम हेस यांच्या गटाने संगणकावर एकेक टक्कर पावलापावलाने सोडवली तेव्हा उलगडा झाला. क्लोराइड मेथिलला (म्हणजे कार्बन आणि त्याच्या तीन हायड्रोजनना) आडवा धडकतो, हलकं मेथिल त्या जड आयोडीनभोवती एक पूर्ण गिरकी घेतं आणि मग अदलाबदल होते. टकरीची बरीच ऊर्जा फिरण्या-थरथरण्यात जाते, म्हणून आयोडाइड संथ. हे २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. इतकी वर्षं शिकवल्या जाणाऱ्या अभिक्रियेत एक अख्खी वाट कुणाला माहीत नव्हती! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ज्या आनंदाने थरारलो, तो अजून ओसरलेला नाही.

द्रावणाचा तुमचा मुद्दा रास्तच आहे. क्लोराइड आणि मेथिल ब्रोमाइड यांची अभिक्रिया पाण्यात वायू अवस्थेपेक्षा सुमारे दहाच्या पंधराव्या घाताइतक्या पटीने मंदावते, कारण पाण्याचे रेणू आयनला घेरून बसतात. पण हा फरक नेमका कुठून येतो हे कळायला आधी पाण्याशिवायची टक्कर माहीत हवी. मग पाणी एकेका रेणूने वाढवायचं. वेस्टर यांच्या गटाने हायड्रॉक्साइडला पाण्याचे एक-दोन रेणू चिकटवून तेही केलं (२०१२), आणि एका रेणूनेसुद्धा टकरीची तऱ्हा बदलते हे दाखवलं. माझ्या मते या क्षेत्राचं खरं मोल इथे आहे. वातावरणातल्या किंवा दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या ढगांतल्या बऱ्याचशा अभिक्रिया तर मुळात वायूतच घडतात, तिथे वेगळं समर्थन लागत नाही.

या वाटेची सुरुवात जुनी आहे. डडली हर्शबाख, युआन ली आणि जॉन पोलान्यी यांना १९८६ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), रेणूवर इलेक्ट्रॉन आदळून तुकड्यांच्या वेगाची चित्रं काढण्याचं उत्तम काम झालं आहे. तिथले शोधनिबंध जाण्याआधी जरूर वाचा.

आता दिवसभराचं. बहुतेक वेळ निर्वातात जातो, म्हणजे निर्वात टिकवण्यात. फ्लँज (चेंबरचा बोल्टांनी आवळलेला सांधा) उघडला की तांब्याचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी कडी, नवीन घालायचं, हातमोज्यांशिवाय आतल्या कशालाही हात लावायचा नाही (बोटाच्या तेलातून दिवसेंदिवस वायू सुटत राहतो), बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. दाब तरीही उतरला नाही तर हेलियमची बारीक फुंकर एकेका सांध्यावर मारत हिंडायचं आणि आत शिरलेला हेलियम ओळखणाऱ्या लीक डिटेक्टरचा आकडा कुठे उसळतो ते बघायचं. मग दोन शलाकांचं टायमिंग जुळवायचं. मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी गाठच पडत नाही. सगळं जुळलं की रात्रभर मोजणी चालते. पडद्यावर आधी नुसते सुटे ठिपके पडतात, आणि तासातासाने त्यातून आकार उमटू लागतो. ज्याला पाना हातात घ्यायला आवडतं आणि क्वांटमचं गणितही आवडतं, त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. ज्याला दर आठवड्याला नवं संयुग बनवून हवंय, त्याने इथे येऊ नये.

होकार देण्याआधी गटातल्या विद्यार्थ्यांशी, प्राध्यापक समोर नसताना, बोला. यंत्र चालू स्थितीत आहे की तुम्हालाच उभारायचंय ते विचारा. उभारायचं असेल तर शिकायला भरपूर मिळतं, पण निकाल यायला वर्षं जातात आणि शिष्यवृत्ती आधीच संपू शकते. सिद्धांताची बाजू कोण सांभाळतं, ते लोक त्याच इमारतीत बसतात की वर्षातून एकदा ईमेल करतात, हेही विचारा. ती संथ आयोडाइडची गिरकी प्रयोगवाल्यांना एकट्याने सापडली नसती. आणि कार्यशाळेत यंत्रभाग बनवणारा माणूस विद्यापीठात आहे का ते नक्की बघा. तो नसेल तर शलाका जिच्यातून सुटते त्या एकेका नोझलसाठी महिनोन् महिने वाट पाहावी लागेल.