आईची अल्प्राझोलाम बदलून क्लोनाझेपाम दिली, घाबरायचं का?

तुम्ही विचारलंय की आई सात-आठ महिने रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ घेत होत्या, आता डॉक्टरांनी ती बदलून क्लोनाझेपाम ०.५ दिलीय, नेटवर वाचलं की ही फिटची गोळी आहे, मग सगळंच बंद करून टाकावं का. तर एकदम बंद अजिबात करू नका. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, पण एवढं कराच.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या दोन्ही बेंझो, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या बेंझोडायझेपिन ग्रुपच्या गोळ्या. इतके महिने रोज घेतलेली बेंझो अचानक थांबवली की झोप उडते, धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि काहींना चक्क फिट येते, आधी आयुष्यात कधी आलेली नसली तरी. मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन असतं, ते रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याला पकडणाऱ्या भागावर बसलं की क्लोराइड आत सोडणारा चॅनल, एक प्रकारचं दार, उघडतो आणि नर्व्ह सेल थंडावते. बेंझो स्वतः तो चॅनल उघडत नाही, त्याच रिसेप्टरवर दुसऱ्या जागी बसते आणि गाबा असताना चॅनल जास्त वेळा उघडायला लावते. रोज अशी मदत मिळत गेली की मेंदू त्या हिशोबाने स्वतःला बदलून घेतो, मग गोळी काढली की शांत करणारी बाजू एकदम लंगडी पडते.

फिटच्या गोळीचं म्हणाल तर डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम, सगळ्याच फिटमध्ये वापरतात, ग्रुप एकच. क्लोनाझेपाम दिली म्हणजे आईंना एपिलेप्सी आहे असं नाही.

खरा फरक वेळेचा आहे. अल्प्राझोलामचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण ११ तास, वय झालं की थोडं जास्त, क्लोनाझेपामचं ३० ते ४० तास. म्हणजे रात्रीची अल्प्राझोलाम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरीच उतरलेली असते, आणि तुम्हीच लिहिलंय की संध्याकाळ झाली की आई बेचैन होतात, येरझाऱ्या घालतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला, पण बऱ्याचदा ती पुढच्या डोसआधीची ओढ असते. क्लोनाझेपामची पातळी अशी वरखाली होत नाही, त्यामुळे पुढे कमी करत आणणं सोपं जातं, डॉक्टरांच्या डोक्यात बहुतेक हेच असणार. दोन्हींचा ०.५ डोस जवळपास सारखाच धरतात, त्यामुळे डोस वाढवलाय असंही नाही.

पण लांब हाफ-लाइफची दुसरी बाजू आहे. ही गोळी साठत जाते, पातळी स्थिर व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून पहिल्या दिवशी ठीक वाटलं तरी पाचव्या-सहाव्या दिवशी दिवसा गुंगी, जीभ जड, चालताना तोल जाणं असं होऊ शकतं. रात्री बाथरूमला उठतात तेव्हा लाइट चालू ठेवा आणि सोबत कोणीतरी असू द्या, या वयात पडून खुबा मोडणं हा या गोळ्यांचा फार मोठा धोका आहे.

पुढे कमी करायची वेळ येईल तेव्हा अर्धी गोळी म्हणजे एका फटक्यात ५०% कपात, हे लक्षात घ्या. सहसा दर दोन-चार आठवड्यांनी ५ ते १०% कमी करतात, त्रास झाला तर त्याच डोसवर थांबतात. यासाठी कमी ताकदीची गोळी मिळेल का ते डॉक्टरांनाच विचारा, आणि स्वतःच्या मनाने एक दिवसाआड देऊ नका, पातळी परत वरखाली होते.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीची, गुडघ्यासाठी अधूनमधून ट्रामाडोल घेतात ही. ट्रामाडोल ओपिऑइड आहे, म्हणजे अफूसारखं काम करणारं दुखण्यावरचं औषध, बेंझोसोबत घेतलं की श्वास मंदावू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये या जोडीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. वर ट्रामाडोलने फिटची शक्यताही वाढते, म्हणजे बेंझो कमी करतानाही ते नकोच. झोपेच्या गोळीच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? नसेल तर उद्याच फोन करून सांगा आणि तोपर्यंत ट्रामाडोल देऊ नका, क्लोनाझेपाम मात्र बंद करू नका, दुखण्यासाठी दुसरं काय द्यायचं तेही त्याच फोनवर विचारा. आणि कधी हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार हळू, अडखळत चाललाय असं दिसलं तर झोप लागलीय समजून वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि जाताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.