वाचकांचे प्रश्न : वजीर नको, हत्ती करा

प्रश्न : आमच्या बुद्धिबळ मंडळात रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. 'दोन चालींत मात'ची कोडी आता सगळे चटकन सोडवतात, त्यात रंगत राहिली नाही. वेगळं काय द्यावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मोहरी कमी आणि फसवणूक जास्त, अशी कोडी घ्या. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत खेळणाऱ्याला हे कोडं तरी माहीत असायलाच हवं. पांढरा : राजा बी६, प्यादं सी६. काळा : राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो.

प्यादं सी७, हत्ती डी६ वरून शह. आता राजा बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्यादं जखडतो. राजा सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर जातो. वजीर झाला रे झाला की सी१ वरून शह देऊन तो टिपतो. म्हणून राजा बी५. पुढे शह चुकवत बी४, बी३ आणि मग सी२. इथे काळा हत्ती डी४ वर ठेवतो आणि हाच खरा सापळा आहे. घाईने वजीर केला तर हत्ती सी४ वर शह देतो. वजिराने तो मारला की ए१ वरच्या राजाला एकही चाल उरत नाही, डाव बरोबरीत. म्हणून सी८ वर हत्ती करायचा! त्याची ए८ वरून मात करण्याची धमकी आहे, ती अडवायला काळा हत्ती ए४ वर येतो. मग राजा बी३ : हत्तीवर मारा आणि सी१ वर मात, दोन्ही धमक्या एका चालीत.

१८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकाच्या सदरात हे कोडं काळा बरोबरी साधतो म्हणूनच छापलं होतं. जिंकायची वाट दाखवली ती तिथे राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूने. छापील उत्तरही तपासावं, ते यासाठी.

कोडं मांडल्यावर पंधरा मिनिटं मोहऱ्यांना हात लावू देऊ नका. जो उत्तर सांगेल त्याला 'वजीर का नाही?', 'सी५ का नाही?' हेही विचारा. नुसती पहिली चाल ओळखणाऱ्याला निम्मेच गुण द्या.

पुढच्या रविवारी कोडेकार रिचर्ड रेती यांचं १९२१ चं कोडं घ्या. पांढरा : राजा एच८, प्यादं सी६. काळा : राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याची चाल, बरोबरी करायची. उत्तर इथे देत नाही. राजा तिरका चालवून बघा.

प्रश्न : हेल्पमेटमध्ये काळा स्वतःवरच मात करून घ्यायला मदत का करतो? मुलांना पटत नाही.
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : इथे दोघे मिळून एक मात घडवतात, एवढाच नियम आहे. पहिली चाल काळ्याची असते. छोटा नमुना दाखवा. पांढरा : राजा एफ७, हत्ती ए१. काळा : राजा एच७. एका चालीत हेल्पमेट. काळ्या राजाला दोनच घरं आहेत, एच६ आणि एच८. एच६ वर गेला तर हत्तीच्या शहाला तो जी५ वर निसटतो. एच८ वर गेला की हत्ती एच१ वर येऊन मात. मुलांना आधी मातीनंतरचा पट कसा दिसेल ते मांडायला सांगा आणि मग चाली उलट्या शोधायला लावा. सुरुवातीपासून पुढे शोधत गेलं की मुलं भरकटतात.

प्रश्न : एन पासांने (दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं लगेच पुढच्याच चालीत, ते एकच घर आल्यासारखं मारणं) मात, असं उत्तर एका कोड्यात होतं. आधीची चाल माहीत नसताना हे कसं चालतं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : सिद्ध करता आलं तरच चालतं. किल्लेकोटाचं (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचं) उलट आहे : तो अशक्य आहे असं सिद्ध होईपर्यंत धरला जातो. समजा पांढरा राजा एच५ वर, पांढरं प्यादं एफ५ वर आणि काळं प्यादं जी५ वर आहे. ते जी६ वरून आलेलं नाही, कारण तिथून ते राजाला शह देत होतं आणि चाल काळ्याची होती; असा पट होऊच शकत नाही. एफ६ आणि एच६ ही घरं आत्ता भरलेली असतील, तर मारूनही आलेलं नाही. काळ्याचं दुसरं कोणतंही मोहरं शेवटी हललेलं असू शकत नाही हे दाखवलं, की जी७ ते जी५ हीच चाल उरते.

प्रश्न : डावाचं विश्लेषण करायला बसलो की कुणीतरी मोबाइलवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावतं आणि पाच मिनिटांत सगळं संपतं. काय करावं?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : इंजिन शेवटी लावा. दोन पट घ्या. एकावर वादाची स्थिती तशीच ठेवा, त्याला कुणी हात लावायचा नाही. चाली दुसऱ्यावर करून बघा. एकाच पटावर सात-आठ चाली पुढे गेलं की मूळ जागा कुणालाच आठवत नाही आणि चर्चा तिथेच विस्कटते.

आधी दोघांचे स्कोअरशीट (चाली लिहिलेले कागद) ताडून पाहा, दर दहा चालींनी. मग डाव हरलेल्याने तीनच जागा निवडाव्यात. प्रत्येक जागी त्या वेळी काय दिसलं होतं ते दोघांनी सांगावं, आधी हरलेल्याने. मंडळातला सर्वांत तगडा खेळाडू पहिल्यांदा बोलला तर बाकीचे गप्प बसतात, म्हणून त्याला शेवटचा क्रमांक द्या. प्रत्येक जागी निदान तीन चाली कागदावर उतरवा, त्यांच्या उत्तरांसह.

मग इंजिन लावा, पण तीन ओळी (चालींचे पर्यायी क्रम) दाखवायला सांगून. पहिल्या दोन ओळींच्या गुणांकनात ०.२-०.३ प्याद्याचा फरक असेल तर सोडून द्या. तो मंडळातल्या डावात जाणवत नाही. पहिली चाल जिंकणारी आणि दुसरी हरणारी असेल, तर तिथे थांबा, इंजिन बंद करा आणि दुसरी चाल का हरते ते पटावर शोधा.