मायक्रोफॉर्मिंगला हात घालण्याआधी कण मोज

मायक्रोफॉर्मिंग म्हणजे धातू दाबून-ओढून अगदी छोटे भाग घडवणं. त्यासाठी फॉइलची जाडी मोजलीस ते चांगलं केलंस, पण तेवढ्यावर डाय (घडवायचा साचा) बनवायला टाकू नकोस. आधी छेद पॉलिश करून, एच करून (रसायनाने हलकं खरवडून) मायक्रोस्कोपखाली बघ: जाडीत धातूचे किती कण (स्फटिक) बसतात? ०.१ मिमीच्या पितळी फॉइलमध्ये १० मायक्रॉनचे कण असतील तर दहाएक बसतील. तीच फॉइल जास्त ॲनील होऊन (मऊ करायला तापवली जाऊन) कण ५० मायक्रॉनचे झाले, की जेमतेम दोन. मग प्रत्येक कण आपल्याच दिशेने वाकतो. फॉइल ओढून केलेल्या कपाची कड वेडीवाकडी येते, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आणि एकाच पट्टीतून कापलेल्या दोन तुकड्यांचे लोडचे (लागणाऱ्या जोराचे) आकडे जुळत नाहीत. शिवाय पृष्ठभागावरच्या कणांना एका बाजूने अडवायला कुणी नसतं, ते सहज वाहतात. म्हणून मोठ्या नमुन्याच्या टेन्साइल (ताणून बघण्याच्या चाचणीच्या) आलेखावरून छोट्या भागाचा लोड काढू नकोस.

बारीक कणांनी हा गोंधळ बराच आटोक्यात येतो, डायचे बारीक कोपरेही नीट भरतात. पण इक्वल चॅनल अँग्युलर प्रेसिंगने (कोनात वळलेल्या वाटेतून धातू दाबून) कण मायक्रॉनखाली आणलेल्या तांब्यात वर्क हार्डनिंग (वाकवता-ताणता अजून कडक होण्याची क्षमता) फारसं उरलेलं नसतं. ताण दिला की लवकर नेकिंग होतं (एका जागी बारीक होऊन तुटायला येतं). माझं ऐकशील तर ते ओढकामात नको, कॉइनिंग (ठसा दाबणं) किंवा एक्स्ट्रूजनमध्ये (दाबून डायमधून ढकलणं) वापर. गरम करणार असशील तर तापमान फार जपून, कण वाढले की सगळी मेहनत वाया.

आणि वंगण. भाग लहान झाला की कडेजवळचे तेल धरणारे खड्डे उघडे पडतात, तेल निसटतं, घर्षण वाढतं. डबल कप एक्स्ट्रूजन (एकाच तुकड्यातून दाबून वर आणि खाली असे दोन कप काढण्याची चाचणी) करून बघ: दोन कपांच्या उंचीतला फरक जितका जास्त, तितकं घर्षण जास्त.